याद्या पाठ करून उतारा कळत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शैक्षणिक पानावरचा ‘क्लॅट’च्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. रोज 50 इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करा, 100 दिवसांत 5,000 शब्दांचा साठा होतो, असा सल्ला त्यात आहे. लेखकांविषयी आदर ठेवून सांगते, याच सल्ल्यापायी माझ्या मुलीचं अकरावीचं अख्खं वर्ष फुकट गेलं.

ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. अकरावीला आम्ही तिला इथल्याच एका क्लासला घातलं. पहिल्याच दिवशी शब्दांची जाडजूड पुस्तिका हातात आली, आणि दर शनिवारी त्यावर परीक्षा. पोरगी पहाटे पाचला उठून घोकायची. शनिवारी 50 पैकी 48, 49 गुण ठरलेले. सराव परीक्षेत मात्र उताऱ्यांवरची निम्मी उत्तरंही बरोबर येईनात.

शेवटी एकदा मीच तिचा पेपर घेऊन बसले. उतारा एका देशाशी व्यापार तोडण्याबद्दल होता आणि त्यात ‘सँक्शन्स’ हा शब्द होता. पुस्तिकेत सँक्शन म्हणजे मंजुरी, तोच अर्थ तिने धरला. इथे तो निर्बंध या अर्थाने होता. सगळा उतारा उलटा समजला आणि चार प्रश्न गेले. पुढच्या उताऱ्यात ‘ओव्हरसाइट’. पुस्तिकेत नजरचूक, इथे संसदेची सरकारवरची देखरेख. पाठांतर चोख होतं, पण वाक्य काय सांगतंय ते बघायची सवय तिला कुणी लावलीच नव्हती. क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, “मॅडम, वाचत बसायला वेळ कुठंय? आधी याद्या संपू देत.” त्या उत्तराचा मला आजही संताप येतो.

क्लॅटचा पेपर 2020 पासून उताऱ्यांवर बेतलेला आहे. आता 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात, इंग्रजीचे उतारे साधारण 450 शब्दांचे, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. कायद्याचे प्रश्नसुद्धा उतारा वाचूनच सोडवायचे. तुमच्या लेखात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ती पुस्तिका माळ्यावर टाकली. रोज रात्री जेवणं झाली की इंग्रजी अग्रलेख. ती मोठ्याने वाचते आणि प्रत्येक परिच्छेदाशी थांबून लेखकाचं म्हणणं समासात मराठीत एका वाक्यात लिहिते. अडलेला शब्द लगेच शोधायचा नाही. आधी मागच्यापुढच्या ओळींवरून अंदाज करायचा, मग शब्दकोश उघडायचा. वहीत नुसता शब्द नाही, अख्खं वाक्य उतरवायचं. पहिला महिना फार जड गेला. एका अग्रलेखाला पाऊण तास लागायचा, दोनदा तर ती रडली. एकदा मी मुद्दाम तुमचाच अग्रलेख पुढे ठेवला, तर त्याचाही मुद्दा तिला सांगता येईना. तेव्हा कळलं, वाचन मराठीतच सुटलं होतं आणि आम्ही इंग्रजीला दोष देत होतो. आता इंग्रजी अग्रलेख पंधरा मिनिटांत होतो. डिसेंबरात परीक्षा आहे. निकाल काय लागेल तो लागो, मुलगी वाचायला लागली.

जाता जाता आमच्या वाचनालयाचंही लिहिते. तिथल्या वाचनकक्षाची अभ्यासिका झाली आहे. मुलं घरून आपापली गाइडं आणून बसतात. घरी जागा नसलेल्या मुलांना ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुस्तकांच्या कपाटांना कुलूप का? किल्लीवाले आठवड्यातून दोनदाच येतात. इंग्रजी मासिकं मागितली तर “कुणी वाचत नाही म्हणून बंद केली” असं ऐकवलं. कपाट उघडंच नसेल तर वाचायला येणार कोण?

तुमच्या पानावर रोज ‘आजचे दहा शब्द’ असा चौकोन येतो. कृपा करून त्या जागी 300 शब्दांचा एक उतारा आणि खाली चार प्रश्न द्या. इंग्रजी द्या, मराठी द्या. आमच्या घरी तो रोज रात्री वाचला जाईल.

– एक पालक, सातारा