पावलातले हिरवे ठिपके वाचणाऱ्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

रोज आपल्या नजरेखालून इतक्या रुग्णांच्या प्रतिमा जातात की उजव्या पावलाचे दुखणे घेऊन आलेला मी आपल्या लक्षात असेनच असे नाही. तरीही हे आभार लेखी मानल्यावाचून मला चैन पडणार नाही.

आपल्याकडे येईपर्यंत माझ्या दुखण्याला कधी मुरगळणे, तर कधी जंतुसंसर्ग म्हटले गेले होते. ऐन दुखण्यात रक्तातील युरिक ॲसिड ५.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे मर्यादेतच, आल्याने गाउटची (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साठून होणाऱ्या संधिवाताची) शंका तिथेच सोडून देण्यात आली. झटका चालू असताना ही पातळी तात्पुरती खाली येऊ शकते, हे मला आपण सांगितले तेव्हा कळले. सांध्यातील पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक शोधणे, ही सर्वांत खात्रीची तपासणी. परंतु पावलाच्या मधल्या चिमुकल्या सांध्यातून थेंबभरही पाणी निघाले नाही आणि एक्स-रेही निर्दोष आला.

शेवटी ड्युअल एनर्जी सीटी झाले. आपण मला पडद्यासमोर बसवून समजावले, की एकच भाग ८० आणि १४० किलोव्होल्ट अशा दोन पातळ्यांवरील क्ष-किरणांनी टिपतात. पातळी बदलली की कॅल्शियमचे किरण शोषण्याचे प्रमाण बरेच बदलते, युरेटचे फारसे बदलत नाही, आणि त्या फरकावरून संगणक दोघांना निरनिराळे रंग देतो; युरेटला हिरवा. अंगठ्याच्या नखापाशी मोठा हिरवा डाग पाहून मी धास्तावलो, तेव्हा तो डाग खोटा असल्याचे आपणच सांगितलेत. नखे आणि टाचेची जाड कातडी यांपाशी हा रंग हमखास फसवतो म्हणे! खरे ठिपके पावलाच्या मध्यावर, स्नायुबंधाला चिकटून होते, आणि मी ते पाहिलेही नव्हते.

यंत्र रंग भरते, पण त्यातला कोणता मानायचा हे आपण ठरवलेत, आणि माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत. काहीच हिरवे दिसले नसते तरी आजार नाही असे आपण लिहिले नसते, कारण सुरुवातीचे अगदी बारीक साठे या तपासणीतून निसटतात, हेही आपण मोकळेपणाने सांगितलेत. गाउटच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांत या तपासणीला स्थान आहे, हे मी नंतर वाचले.

आता ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड कमी करणारे औषध चालू आहे. युरिक ॲसिड सतत ६ च्या खाली ठेवायचे, म्हणजे साठलेले स्फटिक महिनोन्‌महिने हळूहळू विरघळतात, असे उपचार करणारे डॉक्टर सांगतात. ते विरघळले का, हे पाहण्यासाठी पुन्हा सीटी करण्याची वेळ आली, तर त्या प्रतिमाही आपणच वाचाव्यात, एवढी विनंती.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण