तुंबा, ऑक्टोपॅड आणि ‘प्रिमिटिव्ह लव्ह’

मायामी, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी मी पाठवलेला ‘प्रिमिटिव्ह लव्ह’ हा अल्बम दोनदा ऐकून झाल्याचे सांगितले, “यात हात कुठे आहे?” असे विचारले आणि शेवटी ‘भेसळ’ हा शब्द वापरला. मी उत्तर जुळवेपर्यंत कुकरची शिट्टी झाली, फोन आईकडे गेला आणि बोलणे भलतीकडेच वळले. तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ज्यांनी हा अल्बम निघाला तेव्हा ऐकला होता अशी बरीच माणसे या शहरात माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. त्यांना मी आठवडाभर माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये तोच प्रश्न विचारत राहिले. त्यांची उत्तरे फोनवर धड सांगता येणार नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुम्हाला अल्बम पाठवला तेव्हा त्याची काहीच माहिती दिली नव्हती, ती चूक आधी दुरुस्त करते. मायामी साउंड मशीन हा इथल्या क्युबन मुलांचा वाद्यवृंद मुळात लग्नसमारंभांत वाजवणारा, म्हणजे आपल्याकडच्या मेलडी ऑर्केस्ट्राचा सख्खा भाऊच. तो चालवणारा एमिलिओ एस्तेफान सांतियागो दे कुबाचा आणि गाणारी ग्लोरिया एस्तेफान हवानात १९५७ साली जन्मलेली. दोघेही लहानपणी क्युबातून निघाले आणि मायामीत वाढले. सुरुवातीला त्यांनी मुख्यतः स्पॅनिश श्रोत्यांसाठी अल्बम काढले, १९८४ मध्ये पहिला पूर्ण इंग्रजी अल्बम आला आणि १९८५ मध्ये हा दुसरा. ‘कोंगा’, ‘बॅड बॉय’ आणि ‘वर्ड्स गेट इन द वे’ ही यातली तीन गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचली. ग्लोरिया मुलाखतींतून एक आठवण नेहमी सांगते. ‘कोंगा’ ऐकून एका निर्मात्याने तिला सांगितले होते की हे गाणे अमेरिकनांना फार लॅटिन वाटेल आणि लॅटिन लोकांना फार अमेरिकन. त्यावर तिने त्याचे आभार मानले, कारण आपण नेमके तसेच आहोत असे तिचे म्हणणे होते. ‘कोंगा’ लिहिले ते त्यांच्या ड्रमवादकाने, किकी गार्सियाने. अल्बममधले बरेचसे काम मात्र जो गाल्दो, राफाएल विहिल आणि लॉरेन्स डर्मर या स्टुडिओतल्या तिघांच्या हातचे आहे, आणि हे तिघे रंगमंचावर वाजवणाऱ्या मंडळींपैकी नव्हते. बाबा, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. ज्यांचे छायाचित्र पाहून लोक अल्बम विकत घेत होते, त्यांच्याऐवजी बऱ्याच ठिकाणी सिंथेसायझर आणि आधी भरून ठेवलेला ठेका वाजत होता.

तुम्ही हे दोनदा ऐकून ओळखलेत याचे मला आश्चर्य वाटले नाही. पहिला ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, बाजारात आला तोही १९८५ मध्येच, हे मला आत्ता वाचनात आले. आपल्या कोल्हापुरात तो पोचायला आणखी काही वर्षे लागली. तो आला त्या गणेशोत्सवात तुमची तुंब्यामागची खुर्ची कशी रिकामी झाली आणि पंचवीस कार्यक्रमांचे चार कसे झाले, हे मी तेव्हा लहान असले तरी मला आठवते. तुम्ही त्याबद्दल कधी तक्रार केली नाहीत. तुंबे माळ्यावर ठेवलेत आणि वर जुनी चादर टाकलीत, एवढेच.

तुंबा या हाताने वाजवायच्या उंच ढोलाला इथे इंग्रजी बोलणारे कोंगा म्हणतात, पण क्युबात त्याचे नाव तुंबादोरा आहे आणि संचातल्या सर्वांत मोठ्या ढोलाला नुसते तुंबा म्हणतात. म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी मूळ नाव इंग्रजांपेक्षा नीट जपले आहे. लिटल हवाना या इथल्या क्युबन वस्तीत कॅये ओचो, म्हणजे आठवा रस्ता, आहे. त्यावरच्या मॅक्सिमो गोमेझ पार्कमध्ये म्हातारे क्युबन दिवसभर डॉमिनो खेळत बसतात. तिथे एका निवृत्त ट्रम्पेटवाल्याला मी सांगितले की माझे वडील भारतात तुंबा वाजवत असत, तेव्हा त्याने हातातल्या सोंगट्या पालथ्या घातल्या आणि मला शेजारची खुर्ची दिली. त्यानंतरचा पाऊण तास त्याचा खेळ झाला नाही आणि समोरचे तिघे माझ्याकडे रागाने बघत राहिले.

त्याचे मत तुमच्या मताच्या अगदी जवळचे निघाले, पण त्याने ते टेबलावर बोटांनी वाजवून सांगितले. क्युबन संगीताचा सगळा हिशोब क्लावेवर, म्हणजे दोन काठ्या एकमेकींवर आपटून धरलेल्या ठेक्यावर, चालतो. दोन मात्राखंडांत पाच आघात, एकात तीन आणि दुसऱ्यात दोन. वाजवणाऱ्यांपैकी कुणाच्या हातात त्या काठ्या नसल्या तरी प्रत्येकाच्या मनात ते पाच आघात चालू असतात. बास तर पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपण जिथे सम धरू तिथे, बहुतेक वेळा येतच नाही. आधीच्या मात्रेवर लवकर येऊन तो समेची जागा मोकळी सोडतो. त्याचे म्हणणे असे, की अल्बममध्ये हे सर्व आघात आपापल्या जागी आहेत, पण गायिका श्वास घेऊन आता शब्द उचलणार हे तुंबावाल्याला दिसते आणि तो किंचित पुढे सरकतो. यंत्राला ती दिसत नाही. १९८३-८४ नंतर स्टुडिओत वाजवणाऱ्यांना कमी बोलावणी यायला लागली. यामाहाचा डीएक्स ७ हा सिंथेसायझर आणि अशी वाद्ये व ठेक्याची यंत्रे एकमेकांना जोडणारी मिडी पद्धत, दोन्ही १९८३ चीच. त्यानंतरचा काळ त्याने हॉटेलात हिशोबनीस म्हणून काढला. हे त्याने मी न विचारता सांगितले आणि लगेच विषय बदलला, तुम्ही बदलता तसाच.

मग त्याने जे सांगितले त्यासाठीच खरे तर मी हे पत्र लिहीत आहे. ‘कोंगा’मधला पियानो पुन्हा ऐकायला सांग तुझ्या वडिलांना, असे तो म्हणाला. तो पियानो पाकितो हेचावारिया या हवानाच्या वादकाने वाजवला आहे, जो इथे मायामी बीचवरच्या हॉटेलात वर्षानुवर्षे वाजवत असे. दोन्ही हातांनी सप्तकाच्या अंतरावर एकच आवर्तन फिरवत राहायचे, त्याला मोंतुनो म्हणतात. आपल्याकडे तबलावादनाला लेहरा धरतात तसे, फक्त हा लेहरा स्वतःच ताल होऊन बसतो. मी घरी येऊन हेडफोन लावून ते चार वेळा ऐकले. ठेक्याचा कणा ताठ राहतो, पण त्याच्यावर पियानो रेलतो, एखाद्या ओळीत घाई करतो, एखाद्या ठिकाणी रेंगाळतो, आणि त्याने असे केले की खालचा ठेकासुद्धा जिवंत वाटायला लागतो. बाबा, हात आहेत. दोन आहेत, आणि गाणे त्यांनीच धरून ठेवले आहे, असे माझे मत झाले आहे. तुम्ही कृपया बाकीचा अल्बम बाजूला ठेवून एवढाच भाग पुन्हा ऐका.

बाकीच्या अल्बमबद्दल मी फार भांडणार नाही. ‘मूव्हीज’ आणि ‘सरेंडर पॅराडाइज’ ऐकून झाल्यावर त्यांची चाल मला गुणगुणता येत नाही. ‘बॅड बॉय’मध्ये क्युबा शोधायला दुर्बीण लागेल, आणि तरी ते आठव्या क्रमांकावर गेले तर ‘कोंगा’ दहाव्यावर राहिले. आज मात्र ‘बॅड बॉय’ कोण वाजवते?

आमच्या इमारतीतल्या क्युबन आजींना मात्र हातबीत काही पडलेले नाही. त्यांना ‘कोंगा’ मुळात आवडतच नाही. त्या सांतियागोच्या. तिथल्या जुलैतल्या कार्निव्हलमधली खरी कोंगा म्हणजे रस्त्यावरची मिरवणूक: ढोल, मोटारीच्या चाकातल्या लोखंडी ब्रेक ड्रमांवर पडणारे ठोके, चिनी मजुरांबरोबर क्युबात आलेले सनईसारखे एक कर्कश वाद्य आणि मागून पाय घासत चालणारा अख्खा मोहल्ला. त्यांचे वर्णन ऐकताना मला आपल्या मिरवणुकीतले ताशे आठवले आणि तसे मी म्हटलेही. त्या मानाने हे गाणे त्यांना साबणाने धुतल्यासारखे वाटते. पण ते रेडिओवर लागले की त्याच उठून आवाज वाढवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

याचे कारण विचारले तेव्हा त्यांनी संगीताचे काहीच सांगितले नाही. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्युबन माणसे होड्यांनी फ्लोरिडात आली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात इथल्या डेड काउंटीच्या मतदारांनी इंग्रजीखेरीज दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या वापरावर सरकारी पैसा खर्च करू नये असा नियम मंजूर केला. तो १९९३ पर्यंत टिकला. आजी तेव्हा एका शिवणकारखान्यात कामाला होत्या आणि बसमध्ये आपसात स्पॅनिश बोलताना आवाज खाली घेत असत. पाच वर्षांनी इंग्रजी रेडिओवर इंग्रजी शब्दांत, पण सांतियागोच्या मिरवणुकीचे नाव घेऊन, सगळ्यांना नाचायला बोलावणारे गाणे वाजायला लागले आणि कारखान्याची मुकादमीण, जी आजींच्या बोलण्यावर नाक मुरडत असे, ती दुपारच्या सुट्टीत ते गुणगुणू लागली. गाणे चांगले की वाईट, हा प्रश्नच त्या दिवसापासून माझ्यासाठी मिटला, असे त्या म्हणाल्या. १३ मार्च १९८८ रोजी कॅये ओचोवर एकामागे एक १,१९,९८६ माणसांनी कोंगाची रांग धरली आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. त्या रांगेत आपण होतो असे सांगणारी माणसे मला इथे इतकी भेटली आहेत की तो आकडा कमीच नोंदवला गेला असावा असे वाटते! आजी मात्र गेल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांचे पाय दुखत होते.

कार्यालयातल्या माझ्या तरुण सहकाऱ्याने, जो इथेच जन्मला आणि वाढला, प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. प्रत्येक लग्नात, मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या प्रत्येक समारंभात आणि वाणसामानाच्या दुकानातसुद्धा ऐकावे लागलेले गाणे, एवढेच त्याचे मत. मूळची पोर्तो रिकोची आणखी एक जण म्हणाली की याला साल्सा म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. ही मते मी नोंदवून ठेवते, पण त्यांच्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही.

‘भेसळ’ हा शब्द तुम्ही शेवटी वापरलात, त्याबद्दल मात्र मला नम्रपणे काही सांगायचे आहे. संगीतकार चितळकरांचा, म्हणजे सी. रामचंद्रांचा, ‘अलबेला’ चित्रपटातला बोंगो तुम्हीच मला लहानपणी मांडीवर ठेका धरून शिकवलात आणि ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ची चाल मुळात ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ या परदेशी गाण्याची आहे हेही तुम्हीच सांगितलेत. पुणतांब्याचा हा माणूस गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट बाजूला घेऊन १९५०-५१ मध्ये मुंबईत हे करत होता, आणि त्याला तुम्ही कधी भेसळ म्हटले नाहीत. क्युबातून आलेल्या मुलांनी स्वतःच्याच घरातला ठेका घेऊन तो शेजाऱ्यांच्या भाषेत मांडला, तर त्यांना तो शब्द लावणे मला पटत नाही. यंत्राबद्दलची तुमची तक्रार वेगळी आहे आणि ती मला मान्य आहे.

आई, तुझे मत मी शेवटी ठेवले, कारण ते कुणालाच सुचले नव्हते. ‘वर्ड्स गेट इन द वे’ ऐकून तू म्हणालीस, “ही रडत नाहीये, हिचं बोलायचं राहून गेलंय.” हे गाणे ग्लोरियाने स्वतः लिहिले आहे आणि शब्दच आड येतात, असाच त्याच्या नावाचा अर्थ आहे, तुला मी तो सांगितलेला नव्हता. त्यात लॅटिन ठेका जवळजवळ नाही, सिंथेसायझरचा मऊ गिलावा मात्र भरपूर आहे, आणि तरी तिन्ही गाण्यांत तेच सर्वांत वर, पाचव्या क्रमांकावर, गेले. मी ते पार्कमधल्या ट्रम्पेटवाल्याला भाषांतर करून सांगितले. तो बराच वेळ सोंगट्या लावत बसला आणि मग तुझी आई काही वाजवते का, असे त्याने विचारले. नाही, फक्त ऐकते, असे मी सांगितले.

मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येत आहे. बाबा, माळ्यावरच्या मोठ्या तुंब्याचे चामडे फाटलेले आहे हे मला ठाऊक आहे. ट्रम्पेटवाल्याच्या ओळखीचा एक माणूस तुंब्यांना चामडे चढवतो आणि तयार कडीसह पाठवू शकतो, पण त्याला तोंडाचे अचूक माप हवे आहे. दादाला माळ्यावर चढायला सांगा, तुम्ही चढू नका. माप दोरीने न घेता पट्टीने, कडेच्या बाहेरून बाहेरपर्यंत घ्यावे आणि दोन ठिकाणी घ्यावे, कारण जुने लाकूड एका बाजूने बसलेले असू शकते. ते मला पुढच्या रविवारपर्यंत कळवावे.

तुमची लेक