येणं, न येणं तुझ्यावर

प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

“देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, तर मी उपासनेला आले काय नि न आले काय?” असं तू विचारलंस. आणि खाली घाईघाईत, “मनातून काहीच वाटत नसताना गीतं म्हणायची म्हणजे ढोंगच ना?” तुझा खरा प्रश्न दुसराच आहे. पहिला आधी उरकते.

त्यावर मोठमोठे भांडून गेलेत. १५२४ मध्ये इरॅस्मस या ख्रिस्ती विद्वानाने इच्छास्वातंत्र्याची, म्हणजे माणूस आपल्या इच्छेने निवडू शकतो याची, बाजू मांडली. पुढच्याच वर्षी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने खणखणीत उत्तर दिलं, की पापाने जखडलेली इच्छा देवाच्या कृपेवाचून देवाकडे वळूच शकत नाही. मला दोघांचंही थोडंथोडं पटतं. (पळवाट म्हणशील, म्हण.) पण आधी ठाऊक असणं निराळं आणि भाग पाडणं निराळं. कोंबडा आरवण्याआधी आपला शिष्य पेत्र आपल्याला तीनदा नाकारेल, हे येशूने सांगून ठेवलं होतं. तरी नाकारलं ते पेत्रानेच, आणि बाहेर जाऊन ढसाढसा रडला तोही पेत्रच.

बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढून बघ. एक श्रीमंत माणूस धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू म्हणून विचारतो. येशू त्याच्याकडे न्याहाळून बघतो आणि मार्क लिहितो, की त्याने त्याच्यावर प्रीती केली. मग सांगतो, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्याचं तोंड उतरतं, तो निघून जातो. येशू त्याच्यामागे धावत नाही. “बरं, निम्मं विक” असंही म्हणत नाही. ज्याच्यावर प्रीती केली, त्यालाच जाऊ देतो. योहानाच्या सहाव्या अध्यायात तर पुष्कळ शिष्य सोडून जातात, तेव्हा तो बारा जणांनाच विचारतो, तुम्हालाही जायचंय का? जिथे त्यानेही कुणाला अडवलं नाही, तिथे मी कोण तुला रविवारी हाताला धरून नेणारी?

आता ढोंगाचं. ओठांनी मान द्यायचा आणि मन लांब ठेवायचं, यावर यशया संदेष्ट्याने कोरडे ओढलेत, येशूनेही तेच शब्द शास्त्री-परूशी या धर्मपुढाऱ्यांना ऐकवले. पण मन कोरडं पडणं म्हणजे ढोंग नव्हे. नसलेला ओलावा आहे असं दाखवणं, ते ढोंग. ८८ वं स्तोत्र वाचलंयस? तक्रारीने भरलेलं आहे आणि शेवटच्या ओळीत अंधारच उरतो, समाधानाचा एक शब्द नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकातून कुणी काढलं नाही. तेव्हा “मला काही वाटत नाही” हे तू देवालाच सांग. तीही प्रार्थनाच. गीत गळ्यातून निघत नसेल तर नुसती बस.

आणि एक, तुला आवडणार नाही ते. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, असं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे. तुझा नि दादाचा अबोला अजून चालूच आहे. सक्ती इथेही नाही, पण त्याला फोन कर. गीतांचं मग बघू.

तुझी,
आई