दाढेतली जुनी चांदी उगाच उकरू नका

महोदय,
माझ्या आईच्या दाढांत पूर्वी भरलेली चांदी आहे. एकही दाढ दुखत नसताना ‘यात पारा आहे, सगळी काढून पांढरे सिमेंट भरा’ असा सल्ला तिला सांगलीतल्या एका दवाखान्यात मिळाला. एक्स-रे काढला नाही, कारणही धड सांगितले नाही. पेन्शनवर भागवणाऱ्यांना हा खर्च कसा झेपावा?

या चांदीत निम्मा पारा असतो, हे खरे. पण घट्ट बसलेल्या भरावातून सुटणारी वाफ अत्यल्प असते. उलट तो ड्रिलने फोडताना ती वाढते आणि चांगला दातही थोडा खरवडला जातो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२० मध्ये गर्भवती, स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आदींनी पाऱ्याचे नवे भराव टाळावेत असे सुचवले. जुने शाबूत भराव विनाकारण काढू नयेत, हेही त्यातच सांगितले आहे.

भराव तडकला, कडेला फट पडून अन्न अडकू लागले किंवा खाली कीड लागली, तर जरूर बदलावा. तेव्हा फुटलेले कण व वाफ तोंडात जाऊ नये म्हणून दाताभोवती लावायचा रबराचा पडदा आणि ते ओढून घेणारे चांगले सक्शन वापरणार का, हे रुग्णाने आधी विचारावे. दंतवैद्यांनीही एक्स-रे समोर धरून नेमके काय बिघडले आहे ते दाखवावे.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली