वैमानिक आयते मिळाले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला रात्रीच्या हवाई टपालावरचा लेख वाचला. टाटा, तेव्हाचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्याबद्दल लिहिलंय ते योग्यच आहे. पण ‘युद्ध संपल्यामुळे कंपन्यांना लष्करातले तयार वैमानिक मिळाले’ एवढ्या एका वाक्यात त्या माणसांची बोळवण केलेली पाहून फार चीड आली.

माझा मोठा मामा दुसऱ्या महायुद्धात इंफाळच्या आघाडीवर हरिकेन हे लढाऊ विमान उडवायचा. हरिकेनमध्ये वैमानिक एकटाच. कंपन्यांच्या डाकोटा या प्रवासी विमानात शेजारी सहवैमानिक, मागे रेडिओ ऑफिसर आणि त्यांच्याही मागे लेकुरवाळ्या बायका. लढाऊ विमानासारखं गर्रकन वळवून चालत नाही. शिवाय नागरी लायसन्सची परीक्षा वेगळी द्यावी लागे. हवाई दलाचा पगार थांबलेला, घरात दोन बहिणी लग्नाच्या आणि हा दिवसभर पुस्तकांत डोकं घालून बसलेला, हे मी आजीच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय.

जानेवारी १९४९ मध्ये ही टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आमच्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, पोत्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत टपाल ज्याच्या त्याच्या शहरात. हे सगळं लेखात आहे. पावसाळ्यात ते कसं जमायचं, हे मात्र नाही. डाकोटाला हवामानाचं रडार नव्हतं, आतला हवेचा दाब राखायची सोय नव्हती. त्यामुळे ढगांच्या वरून जाणं शक्य नसे, त्यांच्यातूनच वाट काढावी लागे.

मामाची पाळी असली की आई डबा करून द्यायची आणि बाबा मला सायकलवर पुढे बसवून सोनेगावला न्यायचे. एका श्रावणात मामा विमानातून उतरला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. मला वाटलं, बाहेरच्या पावसानं भिजला. पण पाणी पुढच्या काचेच्या फटीतून आत गळत होतं. डाकोटाची ही खोड त्या वेळचा कुठलाही वैमानिक सांगेल. मांडीवर मेणकापड पसरून तो इथवर आला होता. आल्या आल्या डबा उघडला नाही. आधी टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरला, चाकं पाहिली, इंजिनाखाली तेल ठिबकतंय का पाहिलं. मग उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि पुन्हा त्याच ओल्या खुर्चीत जाऊन बसला.

याच मामाची पहिली कंपनी बुडाली (नाव घेत नाही), तेव्हा तीन महिन्यांचा पगार तिच्याबरोबर गेला. मालकांनी नंतर दुसरे धंदे काढले. मामाला त्यातला एक पैसाही कधी मिळाला नाही. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला फौज पोचवायला याच खासगी कंपन्यांच्या डाकोटा आणि त्यांचे वैमानिक धावले होते. त्याचाही लेखात उल्लेख नसावा?

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोखाली ‘डाकोटा’ असं छापलंय. फोटोतल्या विमानाला चार इंजिनं आहेत, डाकोटाला दोन असतात. छापण्याआधी कार्यालयात एकानेही ती मोजली नाहीत का? निदान ही दुरुस्ती तरी येत्या रविवारी त्याच पानावर, वाचता येईल अशा टायपात छापावी.

आपला,
एक जुना वाचक, धंतोली, नागपूर