आवाहन : वाचनालयाचे संगणक बदलताना फायली जपायला हात हवेत

सर्व सभासद आणि ग्रामस्थांना नमस्कार.

आपल्या वाचनालयात पाच संगणक आहेत आणि पाचही विंडोज १० वर चालतात. त्या प्रणालीचा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेच्या सुधारणा मिळणं) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि नवा प्रोसेसर लागतो, ते आपल्याकडे नाही. पण यंत्रं धडधाकट आहेत, ती भंगारात काढणं कार्यकारिणीला पटत नाही. म्हणून चार संगणकांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) बसवायचं ठरलं आहे. ते मोफत आहे, जुन्या यंत्रांवर चालतं आणि त्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो.

काळजी आहे ती फायलींची. मागे एकदा दुरुस्तीत संगणक फॉरमॅट झाला. डॉक्युमेंट्सचं फोल्डर आधी काढून घेतलं होतं, पण गावातल्या वयस्कर मंडळींच्या टाइप केलेल्या आठवणी डेस्कटॉपवर होत्या. त्या गेल्या. सांगणाऱ्यांपैकी काहीजण आता हयात नाहीत.

या वेळी जुनी डिस्क पुसायचीच नाही. आधी सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर घ्यायच्या आणि फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायच्या. मग जुनी डिस्क काढून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायची आणि लिनक्स नव्या एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) बसवायचं. त्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून प्रिंटर चालतो का, तेही बघू. पाचवा संगणक पेजमेकरच्या (पानं मांडण्याच्या प्रोग्रामच्या) जुन्या फायलींसाठी विंडोजवरच राहील, इंटरनेटशिवाय.

खरं कष्टाचं काम पुढेच आहे. आपल्या स्मरणिका आणि इतिवृत्तं श्रीलिपी आणि आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामांच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फायलींत मराठी अक्षरं नसतात, इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. फॉन्ट नसला की फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर मराठी दिसेल अशा संकेतांत) बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागेल. हे काम निवृत्त शिक्षकांनी आणि मुद्रितशोधनाची सवय असलेल्यांनी अंगावर घ्यावं, ही कळकळीची विनंती. त्यासाठी संगणक यायलाच हवा असं नाही.

वस्तू हव्यात त्या अशा : २४० जीबीच्या चार एसएसडी आणि १ टीबीच्या दोन बाह्य हार्ड डिस्क. डिस्क कृपया नव्याच द्याव्यात, वापरलेल्या डिस्कवर एवढा ठेवा सोपवण्याचं धाडस होत नाही. वस्तू न देता रोख रक्कम दिलीत तरी चालेल, वाचनालयाची पावती मिळेल. ४ जीबीच्या डीडीआर३ रॅमच्या पट्ट्या कुणाच्या घरी पडून असतील, तर त्या मात्र जुन्याही चालतील.

लिनक्स बसवण्याचा अनुभव असलेल्या दोन-तीन तरुणांनी चार संध्याकाळी द्याव्यात. नावं वाचनालयाच्या वेळेत ग्रंथपालांकडे नोंदवावीत. प्रती तयार होऊन तपासल्या जाईपर्यंत एकाही संगणकाला हात लावणार नाही.

– कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय