फिलिपिनो भोळे नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला फिलिपिन्सवरचा लेख वाचला, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून आज लिहायला बसलो. लेखकाने मेहनत घेतलीय हे मान्य. पण टिकटॉक बघून मार्कोसच्या मुलाला राष्ट्राध्यक्ष करणारे भोळे लोक, हे वाक्य छापण्याआधी तुमच्याकडे कुणालाच खटकलं नाही? मी मर्चंट नेव्हीत होतो, सेकंड इंजिनियर म्हणून निवृत्त झालो, आणि नोकरीतली बरीच वर्षं फिलिपिनो क्रूबरोबर काढली. एका मेसमध्ये जेवलोय, एका वॉचला उभे राहिलोय. त्यांना असं एका ओळीत उडवून लावलं की मला लागतं.

२०२२ च्या निवडणुकीआधीची गोष्ट. आमचा ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, लेयते बेटावरचा, टॅक्लोबान शहराजवळचा. सिंगापूरला अँकरेजवर सिग्नल मिळाला की सगळी पोरं रेलिंगला टेकून फोन धरून उभी, आणि याच्या फोनवर एकामागून एक त्याच क्लिप. थोरल्या मार्कोसच्या, म्हणजे १९८६ पर्यंत सत्तेवर असलेल्या हुकूमशहाच्या काळात देश कसा सोन्याचा होता, हॉस्पिटलं, रस्ते, सान हुआनिको पूल वरून ड्रोनने घेतलेला आणि मागे भावुक म्युझिक. मी म्हटलं अरे, १९७२ ला मार्शल लॉ लावला, पेपर आणि टीव्ही स्टेशनं बंद केली, हजारो माणसं आत टाकली, ते कुठंय यात? तो वाद घालत बसला नाही. त्याने दुसरा व्हिडिओ काढून माझ्या हातात दिला. नोव्हेंबर २०१३ चं योलांडा वादळ, ज्यात सहा हजारांवर माणसं गेली, त्यानंतरचा. तेव्हाचे गृहमंत्री मार रोहास टॅक्लोबानच्या महापौरांना समोर बसवून सांगतायत की तुम्ही रोमुआल्देझ आहात आणि राष्ट्राध्यक्ष अक्विनो आहेत हे लक्षात ठेवा. (रोमुआल्देझ म्हणजे थोरल्या मार्कोसची बायको इमेल्डा हिचं माहेर, आणि अक्विनो म्हणजे मार्कोसांचं जुनं विरोधक घराणं.) गावात प्रेतं पडलेली, ऑइलरच्या आईच्या घराचे पत्रे उडालेले, आणि मंत्री आडनावं मोजतोय. मला म्हणाला, 'सेकंड, हा तर खोटा नाही ना?'

नव्हताच खोटा. मला काही बोलता आलं नाही.

तुमच्या लेखात हे कुठेच नाही. सोन्याच्या काळाच्या थापा चालल्या, कारण त्या ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून खरा राग होता, आणि तो राग कुठल्या टिकटॉकवाल्याने पेरलेला नव्हता. मार्कोसच्या मुलाला, बॉन्गबॉन्ग मार्कोसना, ३ कोटी १० लाखांवर मतं पडली, ५८ टक्क्यांच्या पुढे. मत देणाऱ्यांतले अर्ध्याहून जास्त लोक भोळे आहेत असं म्हणून लेखक मोकळा झाला.

आणि फोनचं तर लेखकाला मुळातूनच कळलेलं नाही. तिकडे प्रीपेडला लोड म्हणतात, लोक तो थोडा थोडा विकत घेतात, आणि लोड संपला तरी फेसबुक फुकट चालायचं, पण नुसती अक्षरं. बातमीची हेडिंग दिसायची, खालच्या कमेंट दिसायच्या, लिंक उघडायला गेलं की पैसे. म्हणजे आख्खी बातमी वाचायची तर पैसे मोजा आणि खालची शिवीगाळ फुकट. आम्हाला जहाजावर नेटचा कोटा असायचा, तो संपला की आम्हीही तसेच हेडिंगवर जगायचो, म्हणून मी हे ठासून सांगतोय. पत्रकार मारिया रेसा यांच्या रॅपलर या न्यूज वेबसाइटने खोट्या अकाउंटांचं जाळं २०१६ मध्येच उघड केलं होतं, पुढे २०२१ ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, अगदी योग्य मिळालं. पण ती बातमी वाचायला ज्याच्याकडे लोड नाही त्याचं काय?

२००१ चंच बघा. एस्ट्राडा सिनेमात गरिबांचा कैवारी म्हणून गाजला आणि त्याच जोरावर १९९८ ला निवडून आला, हे लेखात आहे. त्याच्या भ्रष्टाचाराचा खटला टीव्हीवर लाइव्ह बघून, एसएमएस करकरून लोक जानेवारीत मनिलाच्या एड्सा रस्त्यावर उतरले आणि त्याला खुर्ची सोडावी लागली, तेही आहे. पण एप्रिलमध्ये त्याला अटक झाल्यावर झोपडपट्टीतले गरीब लोक त्याच एड्सा रस्त्यावर जमले, तेव्हा त्यांना घाणेरडे, दात पडलेले म्हणून एसएमएसवर टवाळी झाली, ते गाळलंय. जानेवारीतली गर्दी म्हणजे जनता आणि एप्रिलमधली म्हणजे गुंड, हे त्या माणसांनी ऐकलेलं आहे आणि ते विसरलेले नाहीत. तुमच्या लेखातला भोळे हा शब्द त्याच टवाळीतला आहे.

एक दुरुस्तीही करा. १९८६ ला टीव्हीने थोरल्या मार्कोसला घालवलं हे साफ चूक आहे, टीव्ही तेव्हा त्याच्याच ताब्यात होता, तो लोकांच्या हातात आला शेवटी शेवटी. लोकांना रस्त्यावर आणलं रेडिओने. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी चर्चच्या रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली, सैनिकांनी ट्रान्समीटर मोडला, तर जून कीथली या बाईंनी दुसऱ्या स्टेशनवरून निवेदन चालू ठेवलं. आमच्या क्रूमधले वयस्कर लोक अजून डोळ्यात पाणी आणून हे सांगायचे. २०२० ला संसदेच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी एबीएस-सीबीएन या टीव्ही नेटवर्कचं लायसन्स नाकारलं तेव्हा बेटांवरच्या स्थानिक बातम्याही गेल्या, यावर तर एक ओळसुद्धा नाही. एवढं मोठं चॅनल बंद पडल्यावर माणूस फोनवर जाणार नाही तर कुठे जाणार?

शेवटचं, विषय वेगळा आहे पण राहवत नाही. मागे खोट्या मॅनिंग एजंटांबद्दल, म्हणजे जहाजावर नोकरी लावतो सांगणाऱ्यांबद्दल, पत्र पाठवलं होतं, कोकणातल्या पोरांचे लाखो रुपये बुडतायत म्हणून. त्यातला पैसे देण्याआधी एजंटचं लायसन्स कसं तपासायचं हा परिच्छेदच तुम्ही कापला आणि माझी हळहळ तेवढी छापली. तो परिच्छेद परत पाठवतो आहे, कृपया छापा. आणि या पत्राला जागा कमी पडली तर माझ्या नोकरीबद्दलचं खुशाल काढा, टॅक्लोबानचं आणि लोडचं मात्र ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, रत्नागिरी